काचेच्या तळाशी काय घालावं?

खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी मांडायला घेतली, की पाण्याचा पहिला थेंब पडण्याआधीच एक प्रश्न सोडवावा लागतो. तळाशी वाळू पसरायची की काच उघडीच ठेवायची? प्रश्न सजावटीचा वाटतो. पण टाकीत रात्री कोण कुठे झोपणार, कोण कोणाच्या बिळात राहणार आणि माशांना घातलेल्या खाण्याचं शेवटी काय होणार, हे त्या चार-दोन सेंटिमीटरांवर ठरतं!

आधी वाळूच बघा ना. कोकणच्या किनाऱ्यावर पायाखाली येते ती बरीचशी खडकांची झीज. प्रवाळ-बेटांवरची पांढरीशुभ्र वाळू मात्र बहुतांशी कुणाच्या तरी अंगाचा, सांगाड्याचा भाग होती. मालदीवमधल्या वक्कारू बेटाचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रवाळभिंतीवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांच्या पोटातून बाहेर पडते, असं त्यात दिसलं. हे मासे चोचीसारख्या दातांनी प्रवाळाचा खडक खरवडतात, घशातल्या दुसऱ्या दातांनी तो दळतात, त्यातलं खाण्याजोगं पचवतात आणि उरलेलं पीठ मागे सोडून देतात. म्हणजे माणसं ज्या किनाऱ्यावर पाय पसरून बसतात, तो माशांनी दळून दिलेला असतो! बहामा बेटांच्या उथळ समुद्रात तर वाळू पाण्यातच घडते. इवल्याशा कणाभोवती विरघळलेला चुना थरावर थर चढवतो आणि गोल, गुळगुळीत दाणा तयार होतो.

असा १ मिलिमीटरचा दाणा घ्या आणि एक लिटरचं भांडं भरा. त्यात दहा लाखांहून जास्त दाणे मावतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग एकत्र मोजला तर भरतो सुमारे साडेतीन चौरस मीटर. भांडं एक लिटरचं, पण आतली जमीन छोट्या खोलीच्या निम्म्याएवढी! तिच्या इंच-इंच जागेवर जीवाणू राहतात.

त्यांचं काम काय? मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात आणि तो त्यांच्यासाठीच विष असतो. वरच्या थरातले जीवाणू प्राणवायू वापरून अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच निरुपद्रवी, पण ते साचत जातं आणि शेवाळाला फावतं. आता खाली उतरा. वाळू बारीक आणि थर जाड असेल तर थोड्याच खोलीवर प्राणवायू संपतो. मग तिथे कोण जगणार? गोबरगॅसच्या बंद टाकीत हवेवाचून राबणारे जीव असतात ना, तशीच ही मंडळी. श्वासाला प्राणवायू नाही म्हटल्यावर ती नायट्रेटमधला प्राणवायू ओरबाडून घेतात. मागे उरतो नायट्रोजन वायू, आपल्या हवेचा ७८ टक्के भाग असलेला, अगदी साधा. काचेलगतच्या वाळूत कधीकधी त्याचे बुडबुडे अडकलेले दिसतात. माशांना घातलेल्या खाण्यातला नायट्रोजन असा पुन्हा हवेत जातो!

मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात झाँ जोबेर या शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस याच करामतीवर प्रवाळांची टाकी उभी केली. तळाशी जाळीखाली संथ पाण्याची पोकळी ठेवली आणि तिच्यावर वाळूचा जाड थर दिला. पुढे अमेरिकेत पोकळीशिवाय, नुसत्याच दहा-पंधरा सेंटिमीटर जाड वाळूची पद्धत रुजली.

या खोल थरात धोकाही आहे. नायट्रेटही संपलं, की आणखी खालचे जीवाणू सल्फेटवर श्वास घेतात, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेटचा तुटवडा कधीच नसतो. त्यातून निघतो सडक्या अंड्यांच्या वासाचा, माशांना मारक हायड्रोजन सल्फाइड. वाळूत काळे डाग दिसले, तर ती जागा उचकटू नये.

मला मात्र वाळूची ओढ आहे ती तिच्यात राहणाऱ्यांमुळे. पिस्तूल कोळंबी जवळजवळ आंधळी असते. ती बीळ खणते आणि दारात पहारा देतो गोबी, म्हणजे आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या नात्यातला मासा. कोळंबीची एक मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी थरथरवतो आणि क्षणात दोघंही आत! काही रंगीत रास मासे दिवे मालवल्यावर वाळूत सूर मारून झोपतात. नासारियस गोगलगाई फक्त सोंड वर ठेवून गाडलेल्या असतात. खाण्याचा वास पाण्यात पसरला, की सगळ्या एकदम वर येतात. उघड्या काचेवर यांतलं काय दिसणार?

मग उघडा तळ कुणी निवडतो का? निवडतात, आणि कारण भक्कम आहे. अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळांना जोरदार प्रवाह लागतो. त्या प्रवाहात बारीक वाळू उडते आणि प्रवाळांवर बसून त्यांना गुदमरवते. वाळू नसेल तर घाण तळाशी दडत नाही. ती तरंगते आणि प्रोटीन स्किमर तिला फेसात पकडून बाहेर काढतो. जीवाणूंचं म्हणाल, तर सच्छिद्र खडकांच्या पोटातही तसेच प्राणवायू नसलेले कोपरे असतात. काही महिन्यांत काचेवर जांभळ्या चुनाळ शेवाळाचा गालिचाही चढतो.

नुसत्या अ‍ॅक्रोपोराचा ध्यास असेल, तर काच उघडी ठेवा. बाकी सर्वांना मी तीनएक सेंटिमीटरांचा थर सुचवेन. तो खणणाऱ्यांना पुरतो आणि नळीने उपसून साफही करता येतो. सात-आठ सेंटिमीटरांची अर्धवट जाडी मला सर्वांत वाईट वाटते, कारण ती धड साफ होत नाही आणि खालचं काम नीट होण्याइतकी खोलही नसते. खडक आधी काचेवर टेकवा, वाळू नंतर भोवती घाला, नाहीतर कोळंबी पाया खणून सगळा डोलारा पाडेल. वाळू विकतचीच आणा. भारतीय समुद्रातल्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, लक्षद्वीपहून त्यांचे तुकडे उचलून आणणं गुन्हा आहे. आणि काही ठरतच नसेल, तर उघड्या तळानेच सुरुवात करा. वाळू पुढे कधीही घालता येते. वर्षानुवर्षं मुरलेली वाळू काढायला गेलात, तर आत साठलेलं सगळं एकदम पाण्यात येतं.