जुन्या लग्नपत्रिकांच्या शोभिवंत चिठ्ठ्या : घरात शोभा, शेतात खूण



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहावे अशी आपली अपेक्षा असते व ती रास्तच आहे. या अंकात मात्र कात्री, खळ आणि जुन्या लग्नपत्रिका असा विषय घेतला आहे. मथळा वाचून काही जण म्हणतील, "साहेबांनी आता शाळेतला हस्तव्यवसाय काढला की काय?" हरकत नाही. पण लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग घरातील मंडळींच्या व शाळकरी मुलांच्या हाती द्यावा, ही विनंती.

लग्नसराई नुकतीच संपली आहे. प्रत्येकाच्या घरी फळीवर, खिडकीत, नाहीतर देव्हाऱ्यामागे पत्रिकांचा गठ्ठा साचलेला असेल. फाडायला जीव होत नाही आणि ठेवून उपयोग नाही. शेवटी एक दिवस तो गठ्ठा चुलीत किंवा बंबात जातो. त्यात किती उत्तम जाड कागद जळतो, याचा हिशेब कोणी करत नाही. मीही करत नव्हतो. तो करायला मला एका चुकीने शिकवले. ती चूक माझी स्वतःची आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

मी नोकरीला लागलो त्यानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षीची गोष्ट. आडसाली लागणीचे दिवस होते. दोन बेणे प्लॉटांतून दोन जातींचे बेणे तोडून एकाच ट्रॉलीने आणायचे होते. एक कोसी ६७१, दुसरे को ८६०३२. मोळ्या वेगळ्या कळाव्यात म्हणून मी वहीचे कागद फाडून, बॉलपेनने जात लिहून, मोळ्यांत खोचले होते. ट्रॉली वाटेत चिखलात रुतली आणि रात्रभर रस्त्याकडेला उभी राहिली. पाऊस धो धो. सकाळी बघतो तर कागदांचा लगदा झालेला. अक्षर नाही, कागदही नाही. मजूर खोळंबले होते, सरी ओल्या होत्या. मी रंग बघून, अंदाजाने मोळ्या वेगळ्या केल्या आणि लागण उरकली.

ज्या सभासदाच्या रानात ते बेणे पडले, त्याने तो प्लॉट पुढे बेण्यासाठीच राखायचा म्हणून लावला होता. नवव्या महिन्यात पाहणी झाली तेव्हा सरळ दिसले की सरीआड सरी दोन जाती मिसळल्या आहेत. भेसळ असलेला प्लॉट बेणे म्हणून चालत नाही. बेण्याला चार पैसे जास्त मिळाले असते, तो ऊस त्याला हंगामात गव्हाणीतच टाकावा लागला. त्यातही ६७१ लवकर पक्व होणारी आणि ८६०३२ मध्यम उशिरा. म्हणजे तोड कधीही घेतली तरी एका जातीवर अन्यायच. तो भला माणूस मला एका शब्दानेही बोलला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

पुढे संक्रांतीनंतर त्यांच्याच घरी जाण्याचा योग आला. ओसरीवर लोणच्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक बरणीच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एक सुबक चिठ्ठी. लाल-पिवळा कागद, कोपरे कापलेले, कडेला टोचून काढलेले ठिपके, एका बाजूला कागदाचे लहानसे फूल. "कैरी, तिखट", "लिंबू, गोड" असे लिहिलेले. बरणीवर तेल ओघळले होते, पण चिठ्ठीवर डाग नव्हता. सूनबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "जुन्या पत्रिकेची आहे. शिसपेन्सिलनं लिहायचं आणि वरून मेणबत्ती घासायची. पाणी लागत नाही बघा." मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, आणि हे मला कोणी सांगितले नव्हते!

असो. आता कृतीकडे वळू.

साहित्य

लग्नपत्रिका, दिनदर्शिकेची जुनी पाने, नव्या शर्टाच्या घडीत निघणारा पुठ्ठा, उदबत्तीची व चहाची रिकामी खोकी, सुती दोरा, कात्री, जाड सुई, मेणबत्तीचा तुकडा आणि शिसपेन्सिल. यातले विकत आणावे लागेल असे जवळपास काही नाही.

पत्रिकेवर गणपतीचे चित्र असते. ते आधी अलगद कापून वेगळे ठेवावे, म्हणजे मनाला रुखरुख राहत नाही. ही चित्रे दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर लावता येतात. जमिनीवर पडेल किंवा पायदळी येईल अशा चिठ्ठीला मात्र ती लावू नयेत.

खळ

एक वाटी मैदा किंवा चाळलेली कणीक थंड पाण्यात गुठळी न राहता कालवावी. एकूण चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. खळीला चकाकी आली की उतरवावी. टिकावी म्हणून चिमूटभर तुरटी घालावी. काही जण मोरचूद घालतात. ते घालू नये. मुले आणि जनावरे असलेल्या घरात विषारी वस्तू नको. बाभळीचा डिंक भिजवून वापरला तरी चालतो.

चिठ्ठी कापणे

सात इंच लांब व पाच इंच रुंद असे पत्रिकेचे पान घ्या. लांबीचे दोन भाग केले की साडेतीन-साडेतीन इंच होतात. रुंदीत दीड इंचाच्या तीन पट्ट्या बसतात. म्हणजे एका पानातून साडेतीन इंच लांब व दीड इंच रुंद अशा सहा चिठ्ठ्या निघतात, आणि वर सात इंच लांब, अर्धा इंच रुंद अशी एक पट्टी उरते. ही पट्टी टाकू नका. भोकाभोवती चिकटवायच्या चकत्या तिच्यातूनच निघतात.

चिठ्ठीच्या वरच्या बाजूचे दोन्ही कोपरे तिरपे कापावेत. ते नुसते शोभेसाठी नाही. चौकोनी कोपरा अडकतो, दुमडतो आणि तिथून कागद सुटू लागतो. भोक कडेपासून अर्धा इंच आत पाडावे आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक चकती चिकटवावी. चिठ्ठी फाटते ती नेहमी भोकातून. वेसणीची जागा जशी जपतो, तशी ही जागा जपावी.

कागद पातळ असेल तर दोन थर चिकटवावेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. लाकूड जसे रेषेने फुटते, तशी यंत्रावर केलेल्या कागदालाही एक दिशा असते. कागद उभा वाकवून बघा, मग आडवा वाकवून बघा. एका बाजूने तो सहज वाकतो. दोन्ही थरांची ती बाजू एकाच दिशेला ठेवली तर चिठ्ठी सपाट राहते, नाहीतर वाळताना वाकडी होते. चिकटवल्यावर पाट्याखाली किंवा जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवावे.

सजावटीचे चार प्रकार

१) ठिपके : घडी घातलेल्या फडक्यावर चिठ्ठी पालथी ठेवून जाड सुईने मागून टोचावे. पुढच्या बाजूला ठिपके उठून दिसतात. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे शिकवावे लागत नाही.

२) चक्र : दिनदर्शिकेच्या पानाची एक इंच रुंद, बारा इंच लांब पट्टी घ्यावी. पाव-पाव इंचाच्या पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालाव्यात. दोन्ही टोके चिकटवून कडे करावे आणि वरून दाबून सपाट पसरावे. मागे गोल पुठ्ठा लावला की चक्र तयार. पट्टी आखूड घेतली तर चक्र पुरते पसरत नाही व फाटते. रुंदीच्या बारा पट लांबी हे माप सोयीचे पडते.

३) गोंडा : दीड इंच रुंद पट्टीला एका बाजूने बारीक चिरा द्याव्यात, वर पाव इंच सलग ठेवावा. मग काडीभोवती गुंडाळून चिकटवावे. अशाच पट्ट्या न गुंडाळता दोरीवर लावल्या की झिरमिळ्या होतात.

४) पताका : उरलेले त्रिकोणी तुकडे दोरीवर दुमडून चिकटवावेत. मिळेल त्या रंगाचे चालतात, एकसारखेच हवेत असे नाही.

हळदी-कुंकवाच्या वाणाला, तिळगुळाच्या पुडीला, दिवाळीत फराळाच्या डब्याला अशी चिठ्ठी बांधली की देणाऱ्याचे नाव राहते आणि घेणाऱ्याला बरे वाटते. मोळीपूजनाच्या दिवशी गव्हाणीला आपण सजावट करतो, तिथेही याच पताका लावता येतील. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा शोभेचे थर्माकोल त्यात आले. १ जुलै २०२२ पासून देशभरच शोभेचे थर्माकोल व प्लॅस्टिकचे झेंडे बंद झाले. कायदा बाजूला ठेवला तरी, प्लॅस्टिकची झिरमिळी उसाबरोबर चरकात आणि तिथून बगॅसमध्ये जाणे कोणाच्याच हिताचे नाही.

शेतात वापरायची चिठ्ठी

चिठ्ठी तीच, तीन नियम जास्त.

पहिला नियम : शिसपेन्सिलनेच लिहा. शिसे म्हणतो ते खरे शिसे नसून ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच आहे. ते उन्हाने उडत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. बॉलपेन व स्केचपेन उन्हात फिके पडतात आणि पावसात पसरतात.

दुसरा नियम : आधी लिहा, मग मेण लावा. मेणावर पेन्सिल उमटत नाही. मेणबत्ती दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना दाबून घासावी. त्यानंतर चिठ्ठी कोमट तव्यावर क्षणभर ठेवावी, म्हणजे मेण आत मुरते.

तिसरा नियम : टाचणी, स्टेपलची पिन किंवा तार अजिबात वापरू नका. बेणे तोडल्यावर वाढे जनावरांपुढे जाते. गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. पिन पोटात गेली की आतून टोचते आणि पुढे हृदयापर्यंतही जाऊ शकते. दोन पैशांच्या पिनेपायी दुभते जनावर जायला नको. बेंदराला बैलांच्या शिंगांना कागदी बाशिंगे, गोंडे बांधाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. दोरा आणि खळ, एवढ्यावर भागवा.

चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहाव्यात : सभासदाचे नाव, गट नंबर, उसाची जात, बेणे तोडल्याची तारीख आणि बेणे कोणत्या प्लॉटातले. हेच पाच मुद्दे आपल्या डायरीतही उतरवावेत.

आता सजावटीचा खरा उपयोग सांगतो. तोडणी करणाऱ्या, मोळ्या भरणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतेच असे नाही, आणि अंधारात तर वाचणाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून जातवार खूण ठरवावी. उदाहरणार्थ, को ८६०३२ साठी लाल कागद व एक भोक, कोएम ०२६५ साठी हिरवा कागद व दोन भोके, कोसी ६७१ साठी पिवळा कागद व तळाला कातरलेली खाच. रंग दिवसा दिसतो, भोके आणि खाच रात्री बोटाला कळतात. पत्रिकांत लाल-पिवळा कागद भरपूर असतो, हिरवा जपून ठेवावा. एका गावाने तरी एकच खूण पाळावी. नाहीतर एकाचा लाल तो दुसऱ्याचा हिरवा असे होऊन घोटाळा वाढेल.

या चिठ्ठीची मर्यादाही सांगितली पाहिजे. मेण लावलेला कागद झाला तरी तो कागदच. बेणे प्लॉटापासून सरीपर्यंतच्या दोन-चार दिवसांत, किंवा रोपवाटिकेतील ट्रेवर रोपे लागणीला येईपर्यंत तो काम देतो. वर्षभर उभ्या उसात तो टिकणार नाही. तिथे पत्र्याची पाटीच हवी. पण भेसळ होते ती उभ्या उसात नव्हे. ती होते तोडताना, भरताना, उतरवताना. नेमक्या त्या दोन-चार दिवसांसाठी ही चिठ्ठी आहे. मूलभूत, पायाभूत आणि प्रमाणित असा तीन टप्प्यांनी शुद्ध बेणे आपल्या बांधापर्यंत पोहोचते. एवढ्या सगळ्यांची मेहनत शेवटच्या मैलावर एका ओल्या कागदामुळे वाया जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आडसाली लागण १ जुलैपासून सुरू होईल. हातात थोडेच दिवस आहेत. एका रविवारी दुपारी मुलांना घेऊन बसलात तर पंचवीस-तीस चिठ्ठ्या सहज होतात. निम्म्या घरासाठी ठेवा, निम्म्या बेण्याच्या मोळ्यांसाठी. ज्या सभासदांच्या घरी पत्रिका नसतील त्यांनी गट ऑफिसमध्ये यावे. माझ्या टेबलाच्या खणात कापून ठेवलेल्या चिठ्ठ्या नेहमी असतात. शेजारी पेन्सिलही दोऱ्याने बांधून ठेवली आहे, ती मात्र कृपया कोणी नेऊ नये.

ज्या सभासदाचे मी नुकसान केले, त्यांच्या रानात पुढे पुन्हा बेणे प्लॉट घेतला. त्या वेळी मोळ्यांना चिठ्ठ्या त्यांच्या सूनबाईंनी केल्या होत्या, फुलांसकट. फुले कशाला म्हणून मी विचारले, तर म्हणाल्या, "साधी चिठ्ठी माणसं फेकून देतात, फुलाची कोणी फेकत नाही." तो प्लॉट पाहणीत पास झाला.

आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते