अखंड वीज आणि तिची तार

देवास नगरात एकेकाळी पवारांच्या दोन गाद्या नांदत असत, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, परंतु राज्ये दोन. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. आज त्याच देवासमध्ये नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि गावोगावी दवाखाने, बँका व संगणकवर्ग आहेत. वीज क्षणभरही खंडित होऊ नये म्हणून अशा ठिकाणी यूपीएस बसविले जाते. त्या यंत्रातही दोन पात्याच नांदतात : एक वीजमंडळाच्या तारेची, दुसरी बॅटरीची. दोहोंचा कारभार वेगळा, म्हणून दोहोंच्या तारा आणि दोहोंचे रक्षक वेगळ्या हिशेबाने निवडावे लागतात.

प्रथम येणाऱ्या तारेचा विचार करू. समजा, दवाखान्यात पाच केव्हीएचे यूपीएस बसवावयाचे आहे. २३० व्होल्ट दाबाने भागिले असता बाहेर पडणारा प्रवाह सुमारे २२ अँपिअर येतो. पुष्कळ ठिकाणी याच आकड्यावर येणारी तारही घेतली जाते, आणि तेथेच चूक होते. यंत्र बाहेर ४५०० वॅट देत असेल आणि त्याची कार्यक्षमता शंभरात नव्वद असेल, तर त्याला आत ५००० वॅट लागतात. बॅटरी रिकामी झालेली असल्यास ती भरण्यासाठी आणखी ५०० वॅट धरावेत. हे झाले ५५००. शिवाय दाब उतरून १८० व्होल्टवर आला, तरी यंत्र तेवढीच शक्ती ओढते. म्हणजे प्रवाह वाढून सुमारे ३१ अँपिअर होतो. दाब कमी तर ओढ जास्त, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

आता नियम असा की, भाराच्या प्रवाहापेक्षा एमसीबीचा आकडा मोठा असावा, आणि एमसीबीच्या आकड्यापेक्षा तारेची सहनशक्ती मोठी असावी. एमसीबी ही प्रामुख्याने तारेची राखणदार आहे. ३१ अँपिअरसाठी ४० ची एमसीबी घेतली, तर सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार अपुरी पडते. पीव्हीसी वेष्टनाची ही तार नळीतून नेली असता ४० अंश उष्णतेत साधारण ३५ अँपिअरच सोसते. दहा चौरस मिलिमीटरची तार सुमारे ५० सोसते; तीच घ्यावी. माळव्यातील रात्री शीतल म्हणून प्रसिद्ध असल्या, तरी वैशाखातील दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखाली तर त्याहूनही अधिक. तापलेल्या जागी तारेची सहनशक्ती घटते, एका नळीत अनेक तारा कोंबल्यास आणखी घटते.

बॅटरीची पाती याहून निराळी. १२ व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या ओळीने जोडल्या, तर दाब १९२ व्होल्ट होतो; बॅटऱ्या उतरत आल्या की तो १६८ वर येतो आणि प्रवाह सुमारे ३० अँपिअर होतो. तीच शक्ती चार बॅटऱ्यांतून, ४२ व्होल्टवर घेतल्यास प्रवाह ११९ अँपिअरवर जातो. म्हणून तेथे तार फार जाड आणि शक्य तितकी आखूड हवी. घरगुती विजेचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उठलेली ठिणगी विझते. बॅटरीच्या प्रवाहाला असा विसावा नाही. ठिणगी पेटतीच राहते आणि पेटी जळते. तेथे एकदिश प्रवाहासाठीच बनविलेला फ्यूज अथवा ब्रेकर, बॅटरीच्या अगदी निकट बसवावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो. यूपीएस बॅटरीवर चालू असता कोठे शॉर्ट झाल्यास ते आपल्या क्षमतेच्या दोन-तीन पटच प्रवाह देऊ शकते. सी जातीची २० अँपिअरची एमसीबी तत्काळ पडण्यास १०० ते २०० अँपिअर लागतात. आपले यंत्र तर ४४ च्या आसपासच देईल. एमसीबी ढिम्म राहते, यंत्र स्वतःच बंद पडते, आणि एका दिव्यातील दोषापायी शस्त्रक्रियागृहही अंधारात बुडते. उपाय सोपा आहे. बाहेरचा भार लहान लहान शाखांत वाटावा आणि प्रत्येक शाखेवर बी जातीची ६ अँपिअरची एमसीबी लावावी. ती १८ ते ३० अँपिअरवर पडते; दोषी शाखा तेवढी तुटते, बाकीच्या चालू राहतात.

यंत्र विकत घेताना त्याची किंमत सर्वच जण विचारतात. परवानाधारक तंत्रज्ञाकडून येणारा, जाणारा व बॅटरीचा असे तीन प्रवाह, तीन तारा आणि तीन रक्षक कागदावर लिहून घ्यावेत, आणि तो कागद पेटीच्या दारावर आतून चिकटवून ठेवावा. पुढे दुरुस्तीस येणाऱ्याला तो वाटाड्यासारखा उपयोगी पडेल.