अर्ध्या मिनिटासाठी पाव तास

शर्यत संपली की ट्रॅक्टर यायचा. मागे लोखंडी दात्यांची चौकट. आमच्याकडे पेरणीआधी कुळव फिरतो तशी ती वाळूवरून फिरायची, वळणावर पंजांनी उकरलेले खळगे बुजायचे, मग पाण्याचा फवारा. वाळू कोरडी पडली तर पंजा रुततो आणि फार घट्ट बसली तर पायांच्या बारीक हाडांना दणके बसतात, म्हणून ते काम वरून दिसतं तेवढं सोपं नव्हतं. लोक तेव्हा बिअरच्या रांगेत किंवा बुकींच्या फळ्यांसमोर असत. मी कठड्याला टेकून वाळूकडे बघत राहायचो.

2008 चा उन्हाळा होता. पूर्व लंडनमधलं वॉल्थॅमस्टो स्टेडियम ऑगस्टमध्ये कायमचं बंद होणार, असं जाहीर झालं होतं. मी तिथून वीस मिनिटांच्या चालीवर राहत होतो आणि तीन वर्षांत एकदाही आत पाऊल टाकलं नव्हतं. रात्री बसमधून ती पांढरी दर्शनी भिंत, तिच्यावरची निऑनची अक्षरं आणि धावत्या कुत्र्याची आकृती रोज दिसायची. जुगाराचं ठिकाण म्हणून मी मान वळवायचो. बंद होणार म्हटल्यावर मात्र राहवेना.

मी सांगोल्याकडचा. आमच्या वस्तीवर कारवान कुत्री असायची. बरगड्या मोजाव्यात अशी सडपातळ, पोट पाठीला लागलेलं, पाय लांब. पहिल्या संध्याकाळी सहा ग्रेहाउंड मैदानावरून फिरवत नेले, तेव्हा छातीत काहीतरी हललं. आमचीच कुत्री कुणीतरी दूध-अंडी घालून पोसल्यासारखी दिसत होती. मांड्या मात्र कारवानच्या दुप्पट. दोन्ही जाती वासापेक्षा नजरेवर शिकार करणाऱ्या. समोर काही हललं की मेंदूत दुसरं काही उरत नाही. त्या एका स्वभावावर हे सगळं मैदान उभं होतं.

एक शर्यत म्हणजे 475 मीटर, एक फेरी आणि वर थोडं. वेळ एकोणतीस-तीस सेकंद. दोन शर्यतींमध्ये पाव तास. मी त्या पाव तासासाठी जात राहिलो.

तो पाव तास मला वाचायला शिकवला कठड्याशी भेटलेल्या एका बाईंनी. वय सत्तरच्या आसपास. अठराव्या वर्षी टोटच्या खिडकीवर तिकिटं द्यायला लागल्या आणि पुढची कितीतरी वर्षं तिथंच राहिल्या. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचो. टोट म्हणजे सगळ्यांच्या पैजा एकत्र जमा करायच्या, मैदानाचा आणि सरकारचा वाटा कापायचा आणि उरलेले पैसे जिंकणाऱ्यांत वाटायचे. बुकी स्वतःच्या खिशातून पैसे देतो, टोट लोकांचेच पैसे लोकांना देतं. तिकिटं घ्यायला माणसं शेवटच्या दोन मिनिटांत तुटून पडत. त्या गर्दीत हाताखालची मोड न बघता मोजता आली पाहिजे, हे मावशींचं कसब. बोटं अजून तशीच हलवून दाखवली त्यांनी.

कुत्रा मैदानावर येईपर्यंत त्याच्यावर किती नजरा फिरलेल्या असतात! शर्यतीच्या बऱ्याच आधी तो आत घेतला जातो. त्याच्या नावाच्या पुस्तिकेत रंग, ठिपके, नखांचे रंग, कानात गोंदलेली अक्षरं अशी सगळी नोंद असते. बहुतेक कुत्री आयर्लंडमध्ये जन्मलेली. त्यांच्या दोन्ही कानांत गोंदण असतं. एका कुत्र्याच्या जागी त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा पळवायचा, ही या धंद्यातली जुनी लबाडी, म्हणून हा खटाटोप. मग वजनकाटा. मागच्या शर्यतीपेक्षा एका किलोहून जास्त फरक पडला, कमी असो की जास्त, तर त्या दिवशी तो पळत नाही. वजन झालं की कुलूपबंद खोली. मालकालासुद्धा आत जाता येत नाही.

मग मुसकं आणि झूल. सहा झुली, सहा रंग: एक लाल, दोन निळा, तीन पांढरा, चार काळा, पाच नारिंगी, सहा काळेपांढरे पट्टे. कुठली झूल कुणाला, हे नशिबावर सोडत नाहीत. आतल्या कडेला चिकटून पळणाऱ्याला आतली पेटी, बाहेरून वळण घेणाऱ्याला बाहेरची. शर्यती ठरवणारा व्यवस्थापक प्रत्येकाची चाल आणि वेळ बघून सारख्या ताकदीचे सहा एकत्र आणतो. त्याचं काम उत्तम झालं तर सहाही कुत्री शेवटी एका रेषेत यावीत. तसं कधी होत नाही, पण तो रोज त्यासाठीच बसतो.

सशाचा चालक उंचावर काचेच्या खोलीत. रुळावरून पळणारा नकली ससा त्याच्या हातातल्या दांड्यावर चालतो. सहा पेट्या बंद होतात, दिवे मंद होतात, मैदानाच्या पलीकडच्या बाजूने ससा घरघरत निघतो. आवाज वाढत जातो, तशी पेट्यांतून कुत्र्यांची किंकाळी उठते. ससा पेट्यांपुढे दहा-बारा यार्ड गेला की झाकणं धाडकन वर. त्यानंतर चालकाची नजर फक्त पहिल्या कुत्र्यावर. अंतर फार वाढलं तर कुत्र्याचं लक्ष सुटतं, फार कमी झालं तर तो झेपावतो आणि मागच्यांचा ढीग होतो. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या जनावराला अर्धं मिनिट आशेवर ठेवायचं आणि हाती काही लागू द्यायचं नाही, अशी ती नोकरी.

हा ससा अमेरिकेत जन्मला. ओवेन पॅट्रिक स्मिथ या माणसाने गोल मैदानावर यंत्राचा ससा पळवला आणि 1919 साली कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलला त्याचं मैदान उघडलं. इंग्लंडमधली अशी पहिली शर्यत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला, 24 जुलै 1926 रोजी झाली. मिस्टली नावाच्या कुत्र्याने 440 यार्ड 25 सेकंदांत पार केले. पुढच्या काही वर्षांत देशभर मैदानं उगवली, आणि त्याचं कारण कुत्र्यांत शोधून सापडणार नाही. घोड्यांच्या शर्यती दुपारी आणि गावाबाहेर. गिरणी-गोदीतल्या माणसाला त्या वेळी सुट्टी कुठली? फोनवरून उधारीने पैज लावणाऱ्या श्रीमंतावर कायद्याची आडकाठी नव्हती. रस्त्यावर रोख पैज लावणं मात्र 1906 च्या कायद्याने गुन्हा. कुत्र्यांचं मैदान ट्रामच्या वाटेवर होतं, संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात चालू असायचं, आणि तिथं गरिबाची रोख पैज कायदेशीर होती. माणसं त्या मोकळिकीसाठी यायची.

वॉल्थॅमस्टोचा संस्थापक विल्यम चँडलर हा स्वतः हॉक्स्टनच्या रस्त्यांवर चोरून पैजा घेणारा बुकी. त्याने 1933 साली हे मैदान उघडलं. उद्घाटनाला आली होती एमी जॉन्सन, तीन वर्षांपूर्वी एकटीने इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत विमान नेणारी वैमानिक. 1945 च्या निवडणुकीआधी चर्चिल इथं सभेला आले आणि लोकांनी त्यांची हुर्यो उडवली. महायुद्ध जिंकून दिलेल्या पंतप्रधानाला कामगारांनी आपल्या घरच्या मैदानावर ऐकवलं. मावशींच्या वडिलांनी तो किस्सा आयुष्यभर सांगितला. या शर्यतींचा दबदबाही तसाच होता. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकात उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्ब्लीऐवजी व्हाइट सिटीला खेळवावा लागला, कारण त्या शुक्रवारी वेम्ब्लीवर कुत्र्यांच्या शर्यती होत्या आणि मालक त्या रद्द करायला तयार नव्हते.

मग मैदानं गेली कशी? मावशींनी एका वाक्यात सांगितलं: आधी पैज लावायला इथं यावं लागायचं, मग यावं लागेनासं झालं. मे 1961 मध्ये गल्लोगल्ली पैजेची दुकानं कायद्याने सुरू झाली. मावशींच्या खिडकीवरची रांग पुढच्याच हिवाळ्यात आखूड झाली होती. 1967 पासून काही मैदानांवर दुपारच्या शर्यती सुरू झाल्या, त्या तर दुकानांसाठीच. घोड्यांच्या शर्यती पावसा-बर्फाने रद्द झाल्या तरी दुकानात लावायला काहीतरी हवं म्हणून. रिकाम्या बाकांपुढे कुत्री पळत. शहरातली जमीन महाग होत गेली तसा हिशेब सोपा झाला. व्हाइट सिटी गेलं, हॅरिंगे गेलं, हॅकनी, वेम्ब्ली, कॅटफर्ड. वॉल्थॅमस्टो घरं बांधणाऱ्या एका गृहनिर्माण संस्थेने घेतलं. पुढे 2017 मध्ये विम्बल्डनही बंद पडलं.

मला मावशींचं उत्तर पटतं, पण पुरं पटत नाही. आणखी एक गोष्ट त्या सहा झुलींखाली होती आणि आम्ही कठड्यापाशी तिच्याबद्दल फार बोललो नाही. चार-पाच वर्षांचा झाला की ग्रेहाउंड संपतो, आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचं. उरलेल्या वर्षांचा खर्च कुणाचा? 2006 साली एका वर्तमानपत्राने उघडकीला आणलं की इंग्लंडच्या ईशान्येला सीहॅम गावात एक माणूस वर्षानुवर्षं निवृत्त ग्रेहाउंड थोड्या पैशांत मारून मागच्या शेतात पुरत होता. आकडा दहा हजारांपर्यंत जात होता. देश हादरला. चौकशी झाली, 2009 पासून नवी नियामक संस्था आली, 2010 च्या नियमांनी प्रत्येक मैदानावर पशुवैद्य बंधनकारक झाला. तरी त्या संस्थेच्याच आकडेवारीनुसार 2018 या एका वर्षात 932 कुत्री मेली किंवा मारावी लागली. ट्रॅक्टरवाल्याची, वजनकाट्यावरच्या मुलीची, सशाच्या चालकाची कारागिरी मला आजही मोठी वाटते. पण तिचं मोल ज्याने हाडांनी चुकवलं त्याला कुणी विचारलं नव्हतं, हे मला त्या उन्हाळ्यात दिसायला हवं होतं. मी वाळू बघत होतो.

16 ऑगस्ट 2008, शेवटची रात्र. एवढी गर्दी मी तिथं कधी पाहिली नव्हती. बिअरसाठी अर्धा तास, पैजेसाठी त्याहून जास्त. माणसं तिकिटं वटवायला न जाता आठवण म्हणून खिशात ठेवत होती. मावशींनी काही घेतलं नाही. बूट मात्र वाळूने भरले होते, ते त्यांनी बसस्टॉपवर झटकले.

पुढे बरीच वर्षं जागा तशीच पडून होती. मग घरं उभी राहिली. निऑनची दर्शनी भिंत आणि जुनी खुराडी संरक्षित वास्तू म्हणून राखली आहेत, रात्री अक्षरं पेटतात. सुंदर दिसतं. त्या भिंतीमागच्या कामांपैकी एकही संरक्षित यादीत नाही. ते करता येणार नाही, हेही कळतं. लंडनमध्ये आज रोमफर्डचं एकच मैदान उरलंय. मी गेल्या वर्षी एकदा गेलो आणि सातव्या शर्यतीला निघून आलो.

रविवारी मात्र मी कुत्री फिरवतो. निवृत्त ग्रेहाउंडांना घर मिळवून देणाऱ्या एका संस्थेसाठी आम्ही दहाबाराजण जातो. खुराड्यात वाढलेल्या या जनावरांना घरातलं काहीच ठाऊक नसतं. काचेच्या दारावर ती धडकतात. आरशातल्या कुत्र्यावर गुरगुरतात. जिना तर त्यांनी जन्मात पाहिलेला नसतो.

मागच्या हिवाळ्यात एका जोडप्याने पाच वर्षांची काळी कुत्री घेतली. त्यांचं घर त्याच जागेवर, जिथं मैदान होतं तिथं, पहिल्या मजल्यावर. तिला पोहोचवायला मी गेलो होतो. जिन्याच्या तोंडाशी ती थांबली आणि थरथरायला लागली. दोन्ही कानांत हिरवट गोंदण, मागच्या पायाला जुन्या मोडीची गाठ. ओढायचं नसतं. एकाने पट्टा सैल धरायचा, दुसऱ्याने मागे बसून पंजा उचलून पहिल्या पायरीवर ठेवायचा. मग दुसरा. मग मागचे दोन. मग थांबायचं, पाठीवरून हात फिरवायचा, श्वास शांत होऊ द्यायचा आणि पुन्हा पुढचा पंजा. चौथ्या पायरीवर ती बसली. सातव्या पायरीवर तिने पहिल्यांदा एक पाय आपणहून उचलला. बारा पायऱ्यांना आम्हाला पाव तास लागला.