सोयरीक कुनमिंगशी, माहेर ग्वांगदोंगला

कोलकात्यात चिनी नाश्ता खायचा तर रविवारी पहाटे उठावं लागतं. सेंट्रल मेट्रो स्टेशनजवळ, लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर पोद्दार कोर्टाची इमारत आहे. तिच्या आडोशाला उजाडता उजाडता वाफेची भांडी मांडली जातात. पोर्कचे गुबगुबीत पाव, शुमाई, माशाच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज. आठ-साडेआठला गेलात तर उरलंसुरलं हाती लागेल. विकणाऱ्यांत आता चिनी चेहरे थोडे, बंगाली-बिहारी जास्त. शहरात वारसा-फेऱ्या काढणाऱ्या मंडळींचा हा ठरलेला पहिला थांबा. आधी पोट, मग इतिहास. या क्रमाबद्दल माझी काही तक्रार नाही.

या फेरीला हल्ली मैत्रीचा एक सरकारी संदर्भही चिकटला आहे. 23 ऑक्टोबर 2013 रोजी मनमोहन सिंग बीजिंगमध्ये असताना शहरांच्या तीन जोड्या जमल्या : दिल्ली-बीजिंग, बंगळुरू-चेंगदू आणि कोलकाता-कुनमिंग. त्याच वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोलकात्याहून निघालेल्या मोटारी ढाका, इंफाळ, मंडाले करत सुमारे 3,000 किलोमीटर कापून कुनमिंगला पोहोचल्या होत्या. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, कलकत्ता बंदरात उतरलेली रसद आसामातून हिमालयाच्या टोकावरून विमानांनी कुनमिंगला जात असे. तेव्हा जोडी कागदावर शोभते. गंमत एवढीच की टेरिटी बाजारात, म्हणजे पोद्दार कोर्टाभोवतीच्या या जुन्या चिनी वस्तीत, कुनमिंगचा माणूस शोधू जाल तर बहुधा सापडणार नाही.

इथले लोक दूर दक्षिणेचे. हक्का मंडळी मुख्यतः ग्वांगदोंगमधल्या मेइश्येनची; त्यांनी चामडं कमावलं आणि बेंटिंक स्ट्रीटवर जोडे शिवले. कँटनचे सुतार. दातांचे वैद्य हुबेईचे. धंदा ऐकला की गाव कळावं, इतकी ही वाटणी पक्की होती. फेरीतली खरी चीज म्हणजे या गाववाल्यांच्या सभागृहांनी चालवलेली देवळं. त्यांना इथे सर्रास ‘चर्च’ म्हणतात, तेव्हा पाटी वाचून घंटाघर शोधू नये. छातावाला गल्लीतलं सी इप चर्च 1905चं, करुणेची देवी ग्वान यिन हिचं. ते बांधलं ग्वांगदोंगच्या चार तालुक्यांतल्या लोकांनी. याच चार तालुक्यांच्या मंडळींचं 1919मधलं देऊळ आपल्या मुंबईत माझगावला आहे आणि गोदीच्या आसपास जन्म काढलेल्या मुंबईकरांनाही ते क्वचितच ठाऊक असतं. पलीकडच्या तूंग ऑन चर्चमध्ये वरच्या मजल्यावर योद्धा-देव ग्वान यू, तर खाली एकेकाळी गाजलेलं नानकिंग रेस्टॉरंट. देवाखाली खानावळ, भाड्याचा हिशेब देवालाही सुटलेला नाही.

बाजाराला नाव मात्र एका इटालियनाचं. एदुआर्दो तिरेत्ता हा कासानोव्हाचा मित्र. युरोपातून पळून आला आणि कलकत्त्याच्या रस्त्यांचा देखरेख-अधिकारी झाला. पुढे त्याचा बाजार सोडतीत निघाला. वस्तीचा मूळपुरुष बजबजजवळच्या अछिपूरला, हुगळीकाठी. टाँग अच्यू नावाच्या या चिन्याने वॉरन हेस्टिंग्जच्या काळात जमीन मिळवून तिथे साखरेचा कारखाना काढला. कारखाना बुडाला, माणूस गेला, पण नालाच्या आकाराची लाल समाधी राहिली. चिनी नववर्षाच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं उदबत्त्या घेऊन तिकडे जातात.

फेरीतले वाटाडे 1962च्या भारत-चीन युद्धाशी आले की बहुतेकदा आवाज थोडा उतरवतात. तो उतरवू नये असं मला वाटतं. युद्धानंतर आसाम-बंगालमधल्या सुमारे 3,000 चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं. काहींना तिथे चार-पाच वर्षं काढावी लागली. त्यात इथेच जन्मलेली मुलंही होती. मग कॅनडाची वाट धरली गेली. कधीकाळी 20,000च्या घरात सांगितली जाणारी कोलकात्याची चिनी वस्ती आज दोन-तीन हजारांवर आली आहे. टांगरा या शहरातल्या दुसऱ्या चिनी वस्तीतल्या चामड्याच्या कारखान्यांना 1990च्या दशकात न्यायालयाच्या आदेशाने शहराबाहेर बानतल्याची वाट दाखवली, आणि त्यांच्या जागी हॉटेलं उभी राहिली. शहरांच्या मैत्रीचे फलक लावताना या माणसांची माफी कुणी मागितलेली नाही.

मराठी माणूस या फेरीत असला की कोटणिसांचा विषय निघतोच. 1938मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते, तसे कलकत्त्याचे बिजयकुमार बसूही. पथक पाठवलं तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. कोटणीस 1942मध्ये तिथेच गेले. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ते आपल्या घरोघरी पोहोचले. बसू परतले, पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून आले आणि कलकत्त्यात त्यांनी सुयांनी रोगी बरे करायला सुरुवात केली. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही, पण बंगालात ती विद्या रुजली ती त्यांच्यापासून.

कोविडच्या साथीत 2020मध्ये कोलकात्याहून चीनला जाणारी थेट विमानं थांबली, मग सीमेवरच्या तणावात ती अडकून पडली. पाच वर्षांनी, 26 ऑक्टोबर 2025च्या रात्री इंडिगोचं पहिलं विमान कोलकात्याहून उडालं, ते कुनमिंगला नव्हे, ग्वांगझूला. टेरिटी बाजारातल्या बऱ्याच जणांचे पणजोबा त्याच बाजूने आले होते.