कोंबडीला कसे विचारायचे?

अंडे घालण्याची वेळ जवळ आली की गावठी कोंबडी बेचैन होते. कोपरे धुंडाळते, भुशात बसून पाहते, उठते, पुन्हा दुसरीकडे जाते. सटाण्याच्या आसपासच्या वस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. मात्र या धडपडीमागचे कारण कळायला प्रयोगशाळाच लागली.

कोंबडीच्या अंडाशयातून बीजांड सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत साधारण २५ तास जातात. त्यांतले सुमारे २० तास कवच चढण्यात जातात. वुड-गश आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात असे दाखवले की जागा शोधण्याची आज्ञा, आदल्या दिवशी बीजांड ज्या पिशवीतून सुटले त्या रिकाम्या पिशवीकडून येते. ती पिशवी शस्त्रक्रियेने काढली तरी अंडे येते, पण जागेचा शोध थांबतो किंवा विस्कळीत होतो. याचा अर्थ, कोंबडी परसात असो की पिंजऱ्यात, बीजांड सुटले की दुसऱ्या दिवशी तिचे शरीर तिला आडोसा शोधायला लावणारच. पिंजऱ्यात आडोसा नसतो. मग ती शेजारणींना तुडवत जागच्या जागी येरझारा घालते.

सटाण्याहून ताहाराबाद, पिंपळनेर करत उत्तरेला गेले की नवापूरकडे जाता येते. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या पोल्ट्रींत आढळला आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये तिथे पुन्हा तीच पाळी आली. एरवी पोल्ट्रीच्या शेडमध्ये काय असते याची बाहेरच्यांना कल्पना नसते. भारतात अंड्यांच्या व्यवसायातल्या बहुतेक कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत राहतात, आणि एका कोंबडीच्या वाट्याला सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर जागा देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. झेरॉक्सचा ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. डॉकिन्स आणि हार्डी यांनी १९८९ मध्ये कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन मोजमाप केले. नुसते उभे राहायलाच साडेचारशेच्या आसपास जागा लागते, मागे वळायला सरासरी हजाराहून अधिक, आणि पंख फडफडवायला दीड हजाराहून अधिक.

यावर हमखास येणारा प्रश्न असा : कोंबडी दुःखी असती तर इतकी अंडी कशी दिली असती? आपल्या कोंबडीची पूर्वज रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. निवड पद्धतीने तयार केलेले आजचे वाण तीनशेच्या घरात जातात. प्रत्येक कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. खाद्यातून ते अपुरे पडले की हाडांतून ओढले जाते, हाडे ठिसूळ होतात आणि मोडतात. तरीही अंडी येतच राहतात. तेव्हा उत्पादनाच्या आकड्यावरून सुखाचा अंदाज बांधता येत नाही.

पण दुःखाचा अंदाज तरी आपण आपल्या मनाने बांधावा का? ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या १९६४ च्या पुस्तकाने खळबळ उडाली, सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली आणि १९६५ मध्ये समितीचा अहवाल आला. पिंजऱ्याच्या तळाला षट्कोनी बारीक तारेची जाळी नको, ती पायांना त्रास देत असणार, असे समितीने सुचवले. ह्यूज आणि ब्लॅक यांनी १९७३ मध्ये कोंबड्यांपुढे निरनिराळ्या जाळ्या ठेवल्या, तर त्यांनी पसंत केली नेमकी तीच षट्कोनी जाळी! भल्या माणसांचा सद्‌हेतू त्यांना चुकीच्या उत्तराकडे घेऊन गेला होता. मला हा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा वाटतो. पुढे संशोधकांनी आवडीबरोबर तिची तीव्रताही मोजली. वाटेत घट्ट दार ठेवायचे आणि कोंबडी किती जोर लावते ते पाहायचे. अंडे घालायच्या वेळी खुराड्यापाशी पोहोचायला ती, काही तास उपाशी राहिल्यावर खाद्यासाठी जितका जोर लावते, निदान तितका लावते.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०१२ पासून असे उघडेबोडके पिंजरे बंद केले. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये अंड्यांच्या आणि मांसाच्या कोंबड्यांवर स्वतंत्र अहवालही दिला.

पिंजरे गेले म्हणजे सारे मिटले, असे मात्र नाही. अंड्यांच्या वाणाचे नर पिल्लू अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही. उबवणी केंद्रात त्याला पहिल्याच दिवशी मारणे ही जगभरची रीत आहे. जर्मनीने २०२२ पासून तिला बंदी घातली. दुधाच्या धंद्यातही रेडकाला तसे मोल नसते. म्हणूनच काहीजण अंडी, दूध, सारेच सोडतात. अशा आहाराला १९४४ मध्ये ब्रिटनमधील डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हीगन’ हे नाव दिले.

अकरावी-बारावीचा एखादा विद्यार्थी असे ठरवून आला तर त्याला हसू नये. त्याला दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. अंड्यातली सहा ग्रॅम प्रथिने मिळवणे अवघड नाही, २५ ग्रॅम शेंगदाण्यांत ती असतात. जोडीला डाळ-भाकरी हवी. ब-१२ जीवनसत्त्व मात्र जिवाणूच बनवतात, वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा कळते आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. गोळी किंवा ब-१२ मिसळलेले अन्न घ्यायलाच हवे, आणि तेही पहिल्या दिवसापासून.

हा निर्णय पोट भरलेल्या घरात सोपा असतो. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. ज्या मुलाला घरी डाळही रोज मिळत नाही, त्याच्या ताटातले अंडे कोंबडीच्या नावाने काढून घेणे मला पटत नाही. ते अंडे पिंजऱ्यातल्या कोंबडीचे असावे का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शेड बांधणाऱ्याला आणि भाव ठरवणाऱ्याला द्यावे लागेल.

ज्यांच्या घरी गावठी कोंबड्या आहेत अशा विद्यार्थ्यांना पंधरा दिवसांची नोंदवही ठेवायला सांगता येईल. एका कोंबडीची बेचैनी केव्हा सुरू झाली, किती जागा पाहिल्या आणि अंडे केव्हा आले, एवढेच लिहायचे. अंडे रोज थोडे उशिरा येत जाते आणि मग एखादा दिवस खाडा पडतो. खाड्याच्या दिवशी ती जागा शोधते का, याची नोंद विसरू नये.