तेल पिणारी गाडी

‘ही गाडी आता तेल पीत नाही’ या एका वाक्यावर भाळून मी 1994 साली ओहायोतल्या कोलंबस शहरात एक जुनी मोटार विकत घेतली. दहा वर्षं वापरलेली, लाल रंगाची, दोन आसनांची माझदा आरएक्स-7. विकणारा अभिमानाने सांगत होता, की आधी पीत असे, पण एका गॅरेजात नेऊन ते नीट करून घेतलं आहे. मी पुण्यात मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकून तिथे एम.एस. करायला गेलेलो. जुनी गाडी तेल पिते म्हणजे रिंगा गेल्या, हे आपल्याकडे फिटरच्या हाताखालच्या पोरालाही कळतं. त्यामुळे न पिणारी जुनी गाडी मला लॉटरीच वाटली. नवव्या महिन्यात इंजिन बसलं. शिष्यवृत्तीतून साठवलेले सगळे पैसे त्यात होते.

या गाडीत पिस्टनच नसतात. फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाच्या कल्पनेवर एनएसयू कंपनीने पहिलं चालतं इंजिन 1957 साली फिरवलं, ते हे रोटरी इंजिन. कमरेशी किंचित आवळलेलं, जवळजवळ अंडाकृती असं एक घर; त्यात बाजू फुगलेला त्रिकोणी रोटर. तो फिरताना त्याची तिन्ही टोकं घराच्या भिंतीला सतत टेकलेली राहतात आणि भिंत व रोटर यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता लहानमोठा होतो. त्यातच हवा-पेट्रोल आत येणं, दाबलं जाणं, पेटणं आणि धूर बाहेर पडणं हे सारं उरकतं. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मधल्या शाफ्टचे तीन होतात. माझ्या गाडीत असे दोन रोटर होते, प्रत्येकी 573 सीसीचे. आवाज शिवणयंत्रासारखा, थरथर जवळजवळ नाहीच.

घोडं अडतं ते टोकांशी. तिथे खाचेत एकेक धातूची पट्टी बसवलेली असते, तिला एपेक्स सील म्हणतात. मागून स्प्रिंग तिला भिंतीवर दाबून धरते. मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगात ती भिंत घासत जाते, आणि दोन कप्प्यांमधला पडदा म्हणजे एवढीच पट्टी. तिला वंगण कुठून मिळणार? साध्या इंजिनात हा प्रश्न फारसा पडत नाही. पिस्टनच्या खालची बाजू तेलाच्या राज्यात असते. क्रँकशाफ्टकडून उडालेलं तेल सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, रिंगा त्यातलं जादा खरवडून खाली पाठवतात, पातळ थर तेवढा मागे राहतो. रोटरीत कप्प्याच्या भिंतीला ‘खालची बाजू’ नाहीच. तिच्यावरून कायम कुठला तरी पेटता, भरता किंवा रिकामा होणारा कप्पा सरकत असतो. संपमधलं तेल शाफ्टमधून रोटरच्या पोटात फवारलं जातं, त्याला थंड करतं, बेअरिंगना पोसतं आणि रोटरच्या अंगावरच्या ऑइल सीलपाशी थांबतं. टोकापर्यंत त्याला वाट नाही. किंबहुना वाट मिळू नये यासाठीच त्या सील आहेत.

म्हणून तेल मुद्दाम आत सोडावं लागतं. माझ्या गाडीच्या इंजिनावर पुढच्या बाजूला एक मुठीएवढा पंप असायचा. तो इंजिनाच्याच जोरावर चाले आणि एका दांडीने कार्ब्युरेटरला जोडलेला असे. पाय जितका दाबाल तितका त्याचा दट्ट्या जास्त सरके, आणि बारीक नळ्यांतून संपमधल्या तेलाचे थोडे थेंब कार्ब्युरेटरमध्ये जात. तिथून पेट्रोलसोबत आत, भिंतीवर क्षणभराचा थर, मग जळून धुराबरोबर बाहेर. हजार मैलांमागे क्वार्टभर तेल गेलं, म्हणजे लिटरला थोडं कमी, तर गाडी ठणठणीत आहे असं समजायचं.

ज्याला हे ठाऊक नाही त्याला तो दोष वाटतो. त्या गॅरेजवाल्याने पंप काढून टाकला होता आणि त्याच्या जागी एक सपाट पत्रा बोल्टने आवळून भोक बुजवलं होतं. मी दर रविवारी डिपस्टिक काढून बघायचो, तेल जिथल्या तिथे, आणि खूश व्हायचो.

तेलाचा हा झगडा हिरोशिमाच्या कारखान्यात फार आधी झाला होता. (कंपनीचं माझदा हे नाव संस्थापक मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळतं आणि पारशांच्या अहुर मझ्दावरूनही घेतलेलं आहे. अग्नीला मानणाऱ्यांच्या देवाचं नाव इंजिनाला शोभतंच.) 1963 मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरीसाठी वेगळा विभाग निघाला. त्यातल्या माणसांना जपानी कथेतल्या स्वामिनिष्ठ सामुराईंवरून ‘सत्तेचाळीस रोनिन’ म्हणत. सील भिंतीवर थडथडत जाऊन ओरखडे पाडायच्या. त्या ओरखड्यांना त्यांनी ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हटलं. उलट सुरुवातीच्या इंजिनांत ऑइल सील गळून इतकं तेल आत येई, की पांढरा धूर सोडत जाणाऱ्या गाडीला पाठीवर जळता भारा घेतलेल्या लोककथेतल्या प्राण्यावरून ‘काचिकाची-यामा’ हे नाव पडलं. तेल कमी पडलं तर नखं, जास्त झालं तर धूर. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या सील आणि सुधारलेल्या ऑइल सील यांनी वाट निघाली, आणि 1967 मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या आरओ 80 चं नशीब तसं नव्हतं. तिच्या सीलनी दगा दिला. रस्त्यात दोन आरओ 80 समोरासमोर आल्या की आपलं कितवं इंजिन चालू आहे ते मालक बोटांनी दाखवत, असं सांगतात.

माझं इंजिन ज्या म्हाताऱ्या कारागिराने उघडलं, त्याने आधी मागच्या रोटरचा एक स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारायला लावला. भोकातून तीन सारखे फुत्कार यायला हवेत, एकेका बाजूचा एकेक. एक आला, दोन नुसते उसासे. मग त्याने विचारलं, तेल पीत होती का? थेंबभरही नाही, मी म्हणालो. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. घर उघडल्यावर भिंतीवरचा क्रोमचा मुलामा जागोजागी निघालेला, सील झिजून निम्म्या झालेल्या.

मला शरम वाटली ती वेगळ्याच कारणाने. वडिलांच्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल मिसळून घेताना पंपावर मी लहानपणापासून उभा राहिलो होतो. मित्राच्या आरएक्स 100 ला तर सीटखाली तेलाची वेगळी टाकी होती आणि ॲक्सिलरेटरला बांधलेला पंप. माझ्या गाडीतला काढून टाकलेला पंप हा त्याचाच चुलतभाऊ. जळण्यासाठी दिलेलं तेल मला नवं नव्हतं. चार चाकांवर मी ते ओळखलं नाही, इतकंच.

दोघांत एक फरक आहे, आणि तो मला या विषयातला सर्वांत अवघड भाग वाटतो. स्कूटरचं तेल फक्त जळायचं असतं, म्हणून ते राख न ठेवता जळेल असंच बनवतात. आरएक्स-7 मात्र संपमधलंच तेल जाळते. त्या तेलाने बेअरिंगमध्ये महिनोन् महिने टिकायचं, त्यासाठी त्यात जस्त-कॅल्शियमची संयुगं घातलेली. आणि त्याच तेलाने कप्प्यात गेल्यावर निमूट जळून नाहीसं व्हायचं. ती संयुगं जळली की राख धरते, सील खाचेत अडकू लागतात. म्हणून कित्येक मालक पंप काढून टाकतात आणि दर टाकीला लिटरमागे सात-आठ मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल स्वतः घालतात. तर्क बिनतोड आहे. पण एकदा घालायला विसरलात, की तेलही गेलं, तूपही गेलं. माणसाच्या आठवणीपेक्षा दांडीवर माझा भरवसा जास्त.

म्हाताऱ्याने भंगारातून पंप आणून बसवला, नळ्या नव्या घातल्या, कारण जुन्या कडक होऊन तडकतात. मी त्यावर थोडं टू-स्ट्रोक ऑइलही टाकीत घालत राहिलो. दोन्ही केल्याने मागून किंचित वास येई, एवढंच. पाच वर्षांनी गाडी विकली तेव्हा घेणाऱ्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, तेल पिते का. पिते म्हणालो, आणि डिकीतली अर्धी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने किमतीत दोनशे डॉलर कमी करून घेतले.