पांढरीतला पहिला वाडा

सांगोल्याच्या परिसरात गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची जुनी रीत आहे, आणि गाव प्रथम वसवणाऱ्या घराण्याचा वाडा या दोन शब्दांवाचून समजत नाही. जमीन पहिल्यांदा लागवडीस आणून तिच्यावर वंशपरंपरेचा हक्क मिळवणाऱ्या कुळांना जुन्या कागदपत्रांत ‘थळकरी’ किंवा ‘मिरासदार’ म्हटले जाई, तर मागाहून आलेला कसणारा ‘उपरी’ ठरे. पाटीलकी बहुधा थळकऱ्यांच्या घरात असे, आणि तिचा वाडा पांढरीच्या उंचवट्यावर, कधी बुरुजांच्या तटात, म्हणजे गढीच्या रूपाने उभा राही. १७५० साली सांगोल्यातच छत्रपती रामराजे आणि पेशवे बाळाजी बाजीराव यांच्यात करार होऊन राज्यकारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली, तरी गावाचा सारा आणि गावातले तंटे यांचा विचार वाड्याच्या ढाळजेत, म्हणजे दरवाजालगतच्या उंच ओट्यांच्या बैठकीतच, होत राहिला.

या वास्तूचे खरे कसब तिच्या छपरात आहे. वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलखात उतरत्या कौलांची गरज नव्हती. तेथे माळवद, म्हणजे मातीचे सपाट छप्पर, रुळले. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा फांद्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असते. जुन्या वस्तीची राख आणि पडक्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या मुरून झालेली ही माती चांगली चोपली की पाणी सहसा झिरपू देत नाही. मात्र मृगापूर्वी दरवर्षी तिचा नवा थर द्यावा लागतो. उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी माळवदाला ‘साणे’ नावाचे भोक ठेवलेले असते. खाली जाड भिंतींत ‘बळद’ नावाची धान्याची कोठी आणि जमिनीत ज्वारीचे पेव असे. प्रमुखाचे घर आणि धान्यसाठा यांची ही जोडी फार जुनी आहे: पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे पाच खोल्यांचे घर आणि त्याच्याशेजारी कोठार सापडले, आणि ते घर अभ्यासकांनी गावप्रमुखाचे मानले.

वाडा घराण्याच्या नावाने ओळखला जात असला, तरी तो उभा राहिला सुतार, गवंडी आणि माती चोपणाऱ्या मजुरांच्या हातांनी, हे नमूद केलेच पाहिजे. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली. घरांच्या वाटण्या झाल्या, मृगापूर्वीची डागडुजी थांबली आणि माळवदे गळू लागली. कोरीव खांब विकले गेले, आणि पडलेल्या भिंतींची पांढरी माती गाड्या भरून कोणी शेतात पसरली, कोणी आपल्या माळवदावर टाकली.